हातीं नेण्याजोग्या जनरेटरचा टिकाऊपणा कसा पारखावा ?

विजेची तार जेथें पोहोंचलेली नाहीं, अगर पोहोंचूनही बेभरंवशाची आहे, अशा ठिकाणीं उपयोगी पडणारें लहानसें यंत्र म्हणजे हातानें उचलून नेतां येणारा जनरेटर होय. आमच्या शेतकरी बंधूंपैकीं पुष्कळांच्या घरीं तो आलेला आहे व कित्येक जण तो घेण्याच्या विचारांत आहेत. दूध काढण्याचें यंत्र, अंडीं उबविण्याची पेटी, वस्तीवरील दिवे व पंखे, लहान कडबाकुट्टी हीं कामें त्यावर चालवावीं असा हेतु असतो. खरेदीच्या वेळीं दुकानदारास 'किती वॅटचा' व 'केवढ्याला' हे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. 'किती टिकेल' हा तिसरा प्रश्न कोणी विचारलाच, तर 'दहा वर्षें पाहावें लागणार नाहीं' हें उत्तर ठरलेलें असतें. तें उत्तर ताडून पाहण्याचीं साधनें कोणतीं, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रुक्ष खरा. परंतु ऐन पहांटे दहा जनावरें दोहावयाचीं असतां यंत्र मुकें झालें, म्हणजे त्याचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं.

या यंत्राची अत्यंत कडक परीक्षा कोठें होते हें पाहावयाचें असल्यास अमेरिकेकडे दृष्टि टाकावी लागते. त्या देशांत मोटारीवर बांधलेलीं अगर मोटारीमागें ओढलीं जाणारीं घरें घेऊन हिंडण्याचा प्रघात फार आहे. या फिरत्या घरांत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते. शीतपेटी व हवा थंड करण्याचें यंत्रही असतें. भाडें घेणाऱ्या मुक्कामाच्या जागीं वीज मिळते. पण पुष्कळ लोक उघड्या सरकारी जमिनीवर राहणें पसंत करितात. ॲरिझोना संस्थानांतील क्वार्ट्झसाइट या गांवाजवळच्या वाळवंटी सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्कामाचा हंगाम असतो. तेथें विजेची सोय ज्याची त्यानेंच करावयाची. अलीकडे छपरावरील सौर तक्त्यांमुळें जनरेटरचें काम कमी झालें आहे; तरी ज्यांच्यापाशीं ते पुरेसे नाहींत, त्यांस बॅटऱ्या भरण्याकरितां सकाळीं व सायंकाळीं मिळून जनरेटर चालवावाच लागतो.

आतां येथें थोडा हिशेब करूं. वरील हंगाम २१२ दिवसांचा होतो. रोज तीन तास यंत्र चाललें तर एका हंगामांत ६३६ तास भरतात. उलट, वादळांत वीज गेली म्हणजेच जनरेटर बाहेर काढणारा गृहस्थ वर्षाकांठीं वीस तास तो चालवीत असेल, तर त्यास तेवढेच तास भरण्यास एकतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. पहिला मनुष्य 'माझें यंत्र एका वर्षांत झिजलें' म्हणेल व दुसरा 'माझें यंत्र दहा वर्षें नव्यासारखें आहे' म्हणेल. दोघेही खरें बोलत असतील. यंत्रही एकाच बनावटीचें असूं शकेल. यावरून पहिला नियम असा निघतो कीं, या यंत्राचें वय वर्षांनीं मोजूं नये, तासांनीं मोजावें. ट्रॅक्टर जुना घेतांना आपण त्याचें सालच पाहत नाहीं, तासांचें घड्याळही पाहतों. तीच रीति येथें लावावी.

लोकांच्या तोंडची कीर्ति किती मानावी, याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे, म्हणून त्या खात्यांतील दृष्टान्त देतों. रस्त्याकडेचें एकच हिरवें शेत पाहून साऱ्या गांवची आणेवारी ठरविली, तर ती जशी फसवी होईल, तशीच एका शेजाऱ्याच्या यंत्रावरून काढलेली किंमत फसवी होते. शिवाय जें यंत्र टिकलें तेंच डोळ्यांसमोर असतें. जीं मोडलीं तीं भंगारांत गेलेलीं असतात व त्यांच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. याकरितां वाखाणणाऱ्यास तीन गोष्टी विचाराव्या : आजवर किती तास चाललें, कोणत्या भारावर चाललें, आणि काय काय बदलावें लागलें. या तिहींचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्याची स्तुति अगर निंदा पुराव्यांत धरूं नये. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीची साक्ष अधिक मोलाची. पण त्याच्याकडे बिघडलेलींच यंत्रें येतात, आणि जें यंत्र गांवांत अधिक खपतें तेंच दुकानांतही अधिक दिसतें, हें विसरूं नये.

कारखानदार स्वतः आपल्या इंजिनाविषयीं काय कबूल करितो, हीही एक कसोटी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमांप्रमाणें लहान पेट्रोल इंजिनावर एक पट्टी चिकटविलेली असते व इंजिनाचा धूर किती तासांपर्यंत मर्यादेंत राहील, तो आंकडा कारखानदारानें तिच्यावर दाखवावयाचा असतो. २२५ घन सेंटिमीटरांहून लहान इंजिनांस १२५, २५० अगर ५०० तास आणि त्याहून मोठ्यांस २५०, ५०० अगर १००० तास, यांपैकीं एक प्रत कारखानदार निवडतो. हे तास म्हणजे इंजिनाचें आयुष्य नव्हे. तें याहून पुष्कळ अधिक चालूं शकतें. तथापि दोन यंत्रें शेजारीं ठेवलीं असतां, एकावर १२५ व दुसऱ्यावर ५०० हा आंकडा असेल, तर कर्त्याचा स्वतःच्या कामावर किती भरंवसा आहे हें कळून येतें. अशी पट्टी असलेलें परदेशी बनावटीचें यंत्र हातीं आल्यास ती वाचल्यावांचून पुढें जाऊं नये.

आतां यंत्राच्या पोटांत शिरूं. आपल्या विहिरींवर पूर्वी जीं संथ चालीचीं तेल इंजिनें असत, त्यांचे मिनिटास सुमारें ६५० फेरे होत. भारतांतील वीज ५० आवर्तनांची असल्यामुळें दोन ध्रुवांचा साधा जनरेटर मिनिटास ३००० फेऱ्यांनीं फिरवावा लागतो. अमेरिकेंत ६० आवर्तनें असल्यामुळें ३६०० फेरे लागतात. म्हणजे एका तासांत जुनें इंजिन ३९ हजार फेरे करी, तर हें लहान इंजिन १ लाख ८० हजार करितें. सुमारें साडेचार पट घासणी, आणि तीही अर्ध्या-पाऊण लिटर तेलावर व केवळ वाऱ्यानें थंड होऊन ! तेव्हां आजोबांच्या इंजिनाचें आयुष्य या यंत्राकडून मागणें हा अन्याय आहे. ज्यास रोज अनेक तास वीज हवी, त्यानें मिनिटास १५०० फेऱ्यांचा, चार ध्रुवांचा डिझेल संच पाहावा. हातीं नेण्याचा जनरेटर त्या कामाचा नव्हे.

बांधणी पाहतांना पुढील गोष्टी विचाराव्या. सिलिंडरच्या आंत बिडाची नळी बसविलेली आहे कीं नुसतेंच ॲल्युमिनियम आहे ? बिडाची नळी झिजेस अधिक दाद देत नाहीं. व्हॉल्व्ह माथ्यावर आहेत कीं बाजूस ? माथ्यावरचे असल्यास इंधन कमी लागतें व इंजिन कमी तापतें. गुंडाळी तांब्याची आहे कीं ॲल्युमिनियमची ? तेल कमी होतांच इंजिन आपोआप बंद पडण्याची योजना आहे कीं नाहीं ? ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. या इंजिनांत तेल बहुधा उडवूनच सर्वत्र पोहोंचविलें जातें; यंत्र उतारावर ठेवलें तर तेल एका कडेस जातें व फिरता भाग कोरडा पडतो. म्हणून यंत्र नेहमीं सपाट जागीं ठेवावें.

अलीकडे इन्व्हर्टर जातीचे जनरेटर निघाले आहेत. यांत भार हलका असेल तेव्हां इंजिनाचे फेरे कमी होतात व वीज इलेक्ट्रॉनिक पेटींतून शुद्ध होऊन बाहेर येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत पन्नास फुटांवर ६० डेसिबलांहून अधिक आवाज करणारें यंत्र चालवण्यास मनाई आहे; तेथें हिंडणाऱ्यांनीं ही जात उचलून धरिली, त्याचें एक कारण हें आहे. हलक्या भारावर घासणी कमी व इंधनाची बचत हा तिचा गुण. दोष असा कीं, ती इलेक्ट्रॉनिक पेटी बिघडली तर गांवच्या मिस्त्रीस ती सहसा दुरुस्त होत नाहीं, सबंध बदलावी लागते. सबब, असा जनरेटर घेण्यापूर्वीं त्या पेटीची किंमत व ती किती दिवसांत मिळते, हें लेखी विचारून घ्यावें.

यंत्र अल्पायुषी होण्याचें एक मोठें कारण म्हणजे त्यावर घातलेला बेहिशेबी भार. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा हा पुष्कळदां क्षणभर देतां येणाऱ्या शक्तीचा असतो. होंडा कंपनीच्या 'ईयू २२०० आय' या यंत्राचें उदाहरण घ्या. फिरत्या घरांतून तें पुष्कळ दिसतें. त्याच्या नांवांतील २२०० वॅट ही कमाल शक्ति होय; सतत घेण्याची शक्ति १८०० वॅट आहे. दुसरें असें कीं, समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांस पेट्रोल इंजिनाची शक्ति सुमारें साडेतीन टक्के घटते. डेन्व्हर शहर ५२८० फूट उंचीवर आहे. तेथें वरील १८०० वॅटांचे सुमारें १४७० वॅटच उरतात. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर दोन हजार फूट उंची धरली तरी सात टक्के गेलेच. उन्हाळ्याचा ताप त्याहून निराळा. तिसरें, मोटार सुरू होतांना चालतेवेळच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. एक अश्वशक्तीची मोटार चालतांना सुमारें हजार वॅट घेते, म्हणून दीड हजार वॅटचा जनरेटर तिला पुरेल असें मानणारा फसतो. फिरत्या घरांतील हवा थंड करण्याच्या यंत्राची हीच अडचण आहे व त्याकरितां तेथील लोक सॉफ्ट स्टार्टर नांवाचें उपकरण जोडून हा पहिला झटका कमी करितात. आमचा सल्ला असा कीं, नेहमींचा भार यंत्राच्या सततच्या शक्तीच्या पाऊणपटीवर जाऊं देऊं नये.

निगेचें वेळापत्रक माहितीपुस्तकांत दिलेलें असतें व थोड्याफार फरकानें तें सर्वत्र सारखेंच असतें. नव्या यंत्राचें तेल पहिल्या वीस तासांनंतर बदलावें. पुढें दर शंभर तासांनीं अगर सहा महिन्यांनीं. हवेची गाळणी दर पन्नास तासांनीं साफ करावी. मळणीच्या धुळींत याहून लवकर. दर तीनशे तासांच्या सुमारास व्हॉल्व्हमधील फट तपासून घ्यावी. वर सांगितलेल्या ६३६ तासांच्या हंगामांत तेल सात वेळां बदलावें लागतें ! हें ज्यानें केलें नाहीं, त्यानें यंत्राच्या नांवें खडे फोडण्यांत अर्थ नाहीं. मोटार ताशीं पन्नास किलोमीटरच्या चालीनें धांवते असें धरलें, तर शंभर तास म्हणजे पांच हजार किलोमीटर होतात, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे तेलाचा कंटाळा येणार नाहीं.

चालण्यापेक्षां उभें राहून बिघडणारीं यंत्रें थोडीं नाहींत. कार्बोरेटरमध्यें राहिलेलें पेट्रोल उडून जातें व मागें चिकट साका राहतो. त्यानें बारीक छिद्रें बुजतात. इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल हवेंतील ओलावा शोषून घेतें, त्यामुळें ही पीडा वाढते. १५ टक्के इथेनॉलचें पेट्रोल अशा लहान इंजिनांत घालण्यास अमेरिकेंत मनाई आहे. पुष्कळ माहितीपुस्तकांत १० टक्क्यांची मर्यादा असते. भारतांत २०२५ सालापर्यंत २० टक्के मिश्रणाचें पेट्रोल सर्वत्र झालें आहे. तेव्हां आपलें यंत्र त्या इंधनाकरितां बनविलेलें आहे कीं नाहीं, हें खरेदीपूर्वीं अवश्य पाहावें. जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या तपासाव्या. महिनाभर यंत्र लागणार नसेल तर इंधनाची चावी बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत तें चालवावें अगर तळचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाकावें. फिरत्या घरांत कायमचे बसविण्याचे जनरेटर करणाऱ्या कमिन्स ओनान कंपनीची सूचना अशी आहे कीं, काम नसलें तरी महिन्यांतून एकदां दोन तास निम्म्या भारावर यंत्र चालवावें. बैल बांधून ठेविला तर तोही आंखडतो.

सुटे भाग मिळणें ही टिकाऊपणाची अर्धी बाजू आहे. जें यंत्र मोडलें असतां आठवड्यांत उभें राहतें, तें न मोडणाऱ्या पण भाग न मिळणाऱ्या यंत्राहून शेतकऱ्यास अधिक उपयोगी. होंडाची 'जीएक्स' इंजिनांची जात १९८३ सालापासून चालत आली आहे व त्याच ठेवणीचीं इंजिनें इतर पुष्कळ कारखाने काढतात. म्हणून तिचे भाग दूरवर मिळतात व मिस्त्र्यांचा हातही तिच्यावर बसलेला असतो. नवें नांव व नवी बनावट कितीही चकचकीत असली तरी, पांच वर्षांनीं तिचा कार्बोरेटर कोण देणार हें विचारावें. मोठें नांव म्हणजे दोष नाहींच असें मात्र नव्हे. वर उल्लेखिलेल्या 'ईयू २२०० आय' मध्यें इंधनाच्या चावींतून पेट्रोल गळण्याचा संभव आढळल्यामुळें कंपनीनें २०१९ सालीं अमेरिकेंत विकलेलीं यंत्रें दुरुस्तीकरितां परत बोलाविलीं. दोष कोणाच्याही हातून राहतो. तो जाहीर करून क्रमांकवार निवारण करणारा कारखाना व दोष विकून मोकळा होणारा कारखाना यांतील भेद गिऱ्हाइकानें ओळखावा.

आतां पैशाचा हिशेब. समजा, एक यंत्र २० हजार रुपयांस मिळतें व ५०० तास चालतें. दुसरें ६० हजारांस मिळतें व २५०० तास चालतें. पहिल्याचा तासाचा झिजेचा खर्च ४० रुपये, दुसऱ्याचा २४ रुपये. रोज दोन तास धारा काढणाऱ्यास दुसरेंच स्वस्त. कारण पहिलें त्यास अडीचशे दिवसच पुरेल. परंतु ज्यास वर्षांत वीसच तास वीज लागते, त्याचें पहिल्या यंत्राचेंही पंचवीस वर्षांत काम संपावयाचें नाहीं. त्यानें साठ हजार अडकवून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. ही किंमत व हे तास आम्हीं केवळ समजुतीकरितां धरले आहेत. प्रत्येकानें आपले आंकडे घालून पाहावे.

जुनें यंत्र घेणें झाल्यास तें थंड असतांच जावें. विकणाऱ्यानें आधींच तापवून ठेविलेलें असेल तर दुसऱ्या दिवशीं जावें. दोरी ओढतांना ठराविक जागीं चांगला अडथळा लागला पाहिजे. दोरी सैल आली तर दाब गेलेला आहे. तेलाची कांडी काढून रंग पाहावा. हजार वॅटची शेगडी लावून अर्धा तास चालवावें. निळा धूर निघाला तर तेल जळत आहे असें समजावें. मीटर लावून भार घालण्यापूर्वीं व घातल्यावर दाब व आवर्तनें पाहावीं : २३० व्होल्ट व ५० आवर्तनें यांच्या आसपास तीं स्थिर राहिलीं पाहिजेत. मग यंत्र बंद करून गरम असतांनाच पुन्हां सुरू करून पाहावें. तापलेलें असतां सुरू न होणारें यंत्र रोजच्या कामास निरुपयोगी होय.

एक गोष्ट टिकाऊपणाहून मोठी आहे. या यंत्राच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यानें निजलेलाच राहतो. फिरत्या घरांत असे अपघात घडलेले आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा मंडळाचा नियम घरापासून वीस फूट दूर, धुराचें तोंड घराच्या उलट दिशेस, असा आहे. गोठ्यांत, ओसरीवर अगर दार उघडें ठेवून खोलींत जनरेटर कधींही चालवूं नये. यंत्र जुनें झालें म्हणजे धुराच्या नळीचे सांधे सैल होतात, म्हणून जुन्या यंत्राविषयीं ही दक्षता दुप्पट घ्यावी.

शेवटीं एक सोपा उपाय सुचवितों. यंत्राबरोबर एक लहान वही ठेवावी व तींत तारीख, चाललेले तास, कोणतें काम, तेल केव्हां बदललें व दुरुस्तीस काय लागलें, हे पांच रकाने भरावे. तासांचें घड्याळ यंत्रावर नसल्यास तें थोड्या पैशांत जोडतां येतें. एका गांवांतील दहा शेतकऱ्यांनीं अशा वह्या तीन वर्षें ठेवल्या, तर कोणतें यंत्र आपल्या धुळींत, आपल्या उन्हांत व आपल्या पेट्रोलवर टिकतें, हें त्यांस कोणत्याही दुकानदारापेक्षां अधिक खात्रीनें सांगतां येईल. आपल्या संघाच्या सभासदांनीं ही दहा वह्यांची सुरुवात करावी व त्यांतील आंकडे संघाच्या बैठकींत मांडावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.